बॅटरीत धातू वाढू देऊ नका

ड्रोनची किंवा रिमोटवरच्या विमानाची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी पहिल्यांदा हातात घेतली की तिचा मऊपणा जाणवतो. टॉर्चच्या सेलसारखं पत्र्याचं कवच तिला नसतं. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांची एक बंद पिशवी, एवढंच तिचं संरक्षण. आत तांब्याच्या वर्खावर ग्राफाइटचा लेप असतो आणि ॲल्युमिनियमच्या वर्खावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा. दोघांना वेगळं ठेवतो तो केसाहून पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. हे सगळं भिजलेलं असतं पेट घेणाऱ्या द्रावणात. नावातल्या 'पॉलिमर'वर विसंबू नका. मूळ कल्पना घन पॉलिमरची होती, पण आज मिळणाऱ्या बहुतेक लिपोंमध्ये द्रव किंवा जेलच असतं.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, त्यांचा धातू होत नाही. हे मोठ्या कष्टाने साधलेलं आहे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या बॅटरीत लिथियम धातूच होता. अशा बॅटरीत चार्जिंगच्या फेऱ्यांबरोबर धातूचे काटे वाढत जायचे आणि पडदा भेदून शॉर्टसर्किट करायचे. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्या धातूच्या जागी कार्बन वापरला, १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना जॉन गुडइनफ यांच्यासह मिळालं. वापरताना हयगय झाली की हाच बाहेर काढलेला धातू आपण पुन्हा आत आणतो.

एका सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट. त्यापुढे चार्जिंग चालू राहिलं तर ग्राफाइटमध्ये जागा उरत नाही आणि लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचू लागतो. दुसऱ्या बाजूचं ऑक्साइडही अस्थिर होऊन ऑक्सिजन सोडायला लागतं. शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज केलं, किंवा बॅटरीला झेपत नाही एवढा करंट दिला, तरी धातू साचतोच. कारण आयन पृष्ठभागाशी गर्दी करतात, पण तेवढ्या वेगाने आत शिरू शकत नाहीत. म्हणून २२०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला २.२ अँपिअर, म्हणजे १सी (क्षमतेच्या आकड्याइतकाच करंट), हा चार्जिंगचा सुरक्षित वेग. लेबलवरचा ३०सी हा आकडा करंट बाहेर काढण्याचा आहे, आत भरण्याचा नव्हे. या दोन आकड्यांची गल्लत नवखे हमखास करतात.

तीन सेलच्या पॅकमध्ये आणखी एक फसगत होते. पूर्ण चार्ज झालेल्या पॅकचे १२.६ व्होल्ट भरतात. पण एक सेल ४.३, दुसरा ४.२ आणि तिसरा ४.१ असला तरी बेरीज १२.६ च येते! फक्त दोन जाड वायरींवरून मोजणाऱ्या चार्जरला सगळं ठीकच वाटणार आणि पहिला सेल प्रत्येक वेळी थोडा थोडा जास्त भरत राहणार. बाजूला लोंबणारा तो छोटा पांढरा प्लग यासाठीच असतो. त्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि समान पातळीवर आणतो. तो प्लग न लावता चार्ज करणं मला कधीच पटलेलं नाही. बॅलन्स करूनही सेलमधला फरक वरचेवर ०.१ व्होल्टपर्यंत जात असेल, तर तो पॅक बाजूला काढावा.

खालची मर्यादा सेलमागे ३ व्होल्ट. एकदा माझ्या विमानात बॅटरी जोडलेलीच राहिली. आठवड्याने मोजली तर सेलमागे १.४ व्होल्ट. चार्जरने ती घ्यायला नकार दिला. अशा वेळी चार्जर निकेलच्या बॅटरीच्या सेटिंगवर ठेवायचा, व्होल्टेज थोडं चढवायचं आणि मग लिपोवर आणायचं, अशी एक युक्ती लोक सांगतात. ती करू नका. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याचा वर्ख द्रावणात विरघळू लागलेला असू शकतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं कणाकणाने भलत्याच जागी साचतं. बॅटरी चार्ज होते, विमान उडतंही, आणि पडदा मात्र पुढच्या कुठल्यातरी चार्जिंगला दगा देतो. मी ती बॅटरी टाकून दिली.

बॅटरी काही दिवस वापरायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली की द्रावणाचं विघटन होतं, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. चांगल्या बॅटरीची बाजू सपाट आणि घट्ट असते. फुगलेलीवर बोट टेकवलं तर खाली उशीसारखं लागतं. दाबून पाहायची गरज नाही, टेकवलं तरी कळतं. अशी बॅटरी चार्ज करायची नाही आणि हवा काढण्यासाठी टोचायची तर मुळीच नाही. आतला वायू पेट घेणारा असतो, शिवाय द्रावणातल्या फ्लोरिनयुक्त क्षाराशी हवेतल्या ओलाव्याची गाठ पडली की विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं.

पॉलिइथिलीनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. त्यानंतर आतली उष्णताच आणखी उष्णता निर्माण करत जाते आणि हे चक्र आवरणं फार अवघड असतं. म्हणूनच चार्जिंग फरशीवर किंवा सिमेंटवर करावं, आपल्या डोळ्यांसमोर करावं, झोपताना लावून ठेवू नये. विमान आपटलं तर बॅटरी काढून तासभर तरी बाहेर मोकळ्या जागी ठेवावी; पोचा पडलेला सेल बऱ्याच वेळाने तापायला लागू शकतो. पेटलाच तर धुरात थांबू नका, माणसांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

टाकून द्यायच्या बॅटरीच्या टोकांवर वेगवेगळी चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घरच्या कचऱ्यात गेली, तर कचरागाडीत दाबली जाताना तिची मऊ पिशवी फाटते आणि आग गाडीतल्या माणसांच्या हाताशी लागते.