कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन : सुरक्षितता आणि खर्च

परभणी येथील आमच्या स्कॅन केंद्रात जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सेलू या भागांतून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात : हे ‘रंगाचे इंजेक्शन’ घ्यायलाच हवे का आणि त्याचे पैसे वेगळे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे तपासणीपूर्वी मिळणे हा आपला हक्क आहे, असे आम्ही मानतो.

या औषधात, म्हणजेच कॉन्ट्रास्टमध्ये, रंग नसतो. ते पाण्यासारखे स्वच्छ असते. सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त, तर एमआरआयसाठी गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देतात, आणि त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी किंवा संसर्ग झालेला भाग आजूबाजूच्या भागापासून वेगळा दिसतो. मात्र प्रत्येक स्कॅनला ते लागत नाही. मुतखडा पाहण्यासाठी किंवा डोक्याला मार लागल्यावर रक्तस्राव झाला आहे का हे पाहण्यासाठी सहसा साधा, म्हणजे या इंजेक्शनशिवायचा, सीटी पुरतो. म्हणून चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’ लिहिलेले असल्यास ते कशासाठी, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

इंजेक्शन देताना अंगात उष्णतेची लाट आल्यासारखे वाटते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्याचा भास होतो. हे काही क्षणांत ओसरते. ती ॲलर्जी नव्हे. खरी गंभीर ॲलर्जी विरळा असते. जपानमधील 3 लाखांहून अधिक रुग्णांच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या नॉन-आयोनिक प्रकारच्या औषधाने तीव्र त्रास होण्याचे प्रमाण सुमारे 0.04 टक्के, तर जुन्या आयोनिक प्रकारात 0.22 टक्के आढळले होते. विरळा असली तरी ती कोणाला होईल हे आधी नेमके सांगता येत नाही, म्हणून स्कॅननंतर अर्धा तास केंद्रातच बसवून ठेवले जाते. एसटी चुकेल म्हणून कृपया हा अर्धा तास टाळू नये. मासे किंवा झिंगे खाल्ल्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांना आयोडीनचे औषध चालतच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. याआधी याच औषधाने त्रास झाला असेल, तर तेवढे न विसरता सांगावे.

आमची खरी काळजी मूत्रपिंडांची आहे, कारण हे औषध त्यांच्यावाटेच शरीराबाहेर पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना पहाटे उपाशी निघून, पाण्याचा घोटही न घेता दुपारी पोहोचणारे रुग्ण आम्ही दरवर्षी पाहतो. चार तास जेवू नये, असे आम्ही सांगतो ते अन्नापुरते आहे. भूल द्यायची नसेल आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर पाणी प्यावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल आणावा, आणि सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही दाखवाव्यात, कारण त्यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सरसकट बंद करावी लागत नाही; मूत्रपिंडांचे काम फार मंदावले असेल, तरच ती इंजेक्शनच्या वेळेपासून 48 तास थांबवून, क्रिएटिनिन पुन्हा तपासून सुरू करतात. गॅडोलिनियमच्या बाबतीतही मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना त्वचा व ऊती कडक होण्याचा एक दुर्मीळ आजार होऊ शकतो, हे 2006 साली लक्षात आले, आणि त्यानंतर अधिक स्थिर रचनेची औषधे निवडली जाऊ लागली. गर्भवती स्त्रियांनी आधी सांगणे अत्यावश्यक आहे. स्तनपान थांबवण्याची साधारणतः गरज नसते, कारण दुधात उतरणारे प्रमाण अत्यल्प असते.

खर्चाविषयी : औषधाची मात्रा वजनावर आणि तपासणीवर ठरते. प्रौढ व्यक्तीच्या सीटीला बहुधा 60 ते 100 मिली लागते. एमआरआयला त्याहून पुष्कळ कमी लागते, पण ते औषध मिलीमागे महाग असते. एका रुग्णासाठी असलेल्या बाटलीत औषध उरले, तरी जंतुसंसर्गाच्या भीतीने ते दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून पूर्ण बाटलीचे पैसे लागतात. बाटलीवरील छापील किंमत आणि मुदत पाहण्यासाठी मागावी. आम्ही ती दाखवतो, आणि पावतीवर स्कॅन, औषध व साहित्य यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होणार असतील, तर पैसे भरण्याआधी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राला (या योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटून ही तपासणी मंजूर उपचारात येते का, हे विचारून घ्यावे.

घरी गेल्यावर पुढील काही दिवसांत अंगावर पुरळ उठले, किंवा सुई टोचलेल्या जागी सूज व वेदना वाढत गेल्या, तर लगेच केंद्राशी संपर्क साधावा. श्वास लागत असेल, तर आमची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे आणि कॉन्ट्रास्ट घेतल्याची पावती सोबत न्यावी.