साठीपलीकडची मात्रा: मऊ ऊतींचा कर्करोग, केमोथेरपी आणि वृद्ध रुग्ण

पुण्यातल्या कर्करोगाच्या ओपीडीत सत्तरी ओलांडलेला रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो आणि त्याचा मुलगा किंवा सून आधी आत येऊन हळू आवाजात विचारते, ‘ह्या वयात बाबांना केमो झेपेल का?’ रुग्ण सोलापूरहून आलेला असो, साताऱ्याहून असो की सदाशिव पेठेतून, प्रश्न बदलत नाही. मांडीत किंवा पोटाच्या मागच्या बाजूला वाढलेल्या मऊ ऊतींच्या कर्करोगाबाबत, म्हणजे सार्कोमाबाबत, त्याचे उत्तर देणे विशेष अवघड जाते, आणि त्याचे कारण या उपचारांच्या इतिहासात आहे. आज प्रमाण मानली जाणारी औषधाची मात्रा मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांवर ठरली. वृद्धांचा विचार पुष्कळ उशिरा सुरू झाला.

सार्कोमा हा चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसांची आवरणे अशा जोडणाऱ्या आणि आधार देणाऱ्या ऊतींतून उद्भवतो. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का आहे, आणि त्या १ टक्क्यातही पन्नासहून अधिक प्रकार आहेत. गाठ बहुधा दुखत नाही. त्यामुळे ‘चरबीची गाठ असेल’ म्हणून ती महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते, आणि निदान होईपर्यंत काहींच्या फुप्फुसांत रोग पोहोचलेला असतो. शस्त्रक्रियेने रोग पूर्ण काढता येत नाही, त्या टप्प्यावर केमोथेरपीचा विचार होतो. तिचा हेतू बरे करण्यापेक्षा रोगाला काही काळ थोपवण्याचा आणि त्रास कमी करण्याचा असतो.

या केमोथेरपीचा कणा असलेले औषध मातीतून आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील एका औषध कंपनीच्या संशोधकांनी आग्नेय इटलीतील कास्तेल देल मोंते या मध्ययुगीन किल्ल्याच्या परिसरातली माती तपासली आणि तीत लाल रंगद्रव्य तयार करणारा स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जिवाणू त्यांना सापडला. त्या भागात प्राचीन काळी राहणाऱ्या प्यूसेती लोकांवरून त्याचे नाव पडले. त्याच्याच एका बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन मिळाले, ज्याचे जुने नाव एड्रियामायसिन हे जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून आले. पुणेकराला ही हकीकत फारशी परकी वाटू नये. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी त्याच काळात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस चाळत होते. त्यांना हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडले, आणि ते देणाऱ्या जिवाणूला पिंपरीवरूनच ‘पिंप्रिना’ हे नाव मिळाले.

डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९७४ मध्ये मान्यता मिळाली. सार्कोमावर ते तेव्हापासून आजतागायत पहिल्या फळीत आहे. साधारण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ७५ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. डे-केअर वॉर्डात रुग्ण त्याला ‘लाल औषध’ म्हणतात. नळीतून उतरणारा तो रंग आणि नंतर एक-दोन दिवस लघवीला येणारी लाली आधी सांगितली नसेल तर घरातले घाबरून जातात.

खरी भीती हृदयाची आहे. हे औषध हृदयाच्या स्नायूवर साचत जाणारा परिणाम करते, हे १९७० च्या दशकातच ध्यानात आले. १९७९ मध्ये डॅनियल व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी पाहून दाखवले की एकूण मात्रा वाढते तशी हृदय निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि वाढते वय तीत भर घालते. २००३ मधील एका फेरतपासणीत एकूण मात्रा दर चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत गेल्यावर सुमारे ५ टक्के, तर ५५० पर्यंत गेल्यावर सुमारे २६ टक्के रुग्णांत हृदय निकामी होण्याचा अंदाज निघाला. उपचाराआधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला जातो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

दुसरे औषध आयफॉस्फामाइड. ते पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूच्या कुळातले. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीच्या बारी बंदरात मस्टर्ड वायू वाहून नेणारे जहाज बाँबहल्ल्यात फुटले, आणि बाधित खलाशांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याच्या नोंदींनी कर्करोगावरील औषधांच्या शोधाला जोर आला. बारी आणि तो किल्ला एकाच प्रांतात आहेत, हा योगायोग मला दर वेळी थबकवतो. आयफॉस्फामाइड मूत्रपिंडांवर ताण आणते आणि काही रुग्णांत गुंगी किंवा भ्रम निर्माण करते. वृद्धांत हा धोका अधिक. त्यातच म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजलेले असल्याने मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा चांगला दिसतो, पण मूत्रपिंडाची खरी ताकद त्याहून कमी असते. केवळ रिपोर्टवर नजर टाकून मात्रा ठरवली तर फसगत होते ती इथे.

दोन्ही औषधे एकत्र द्यावीत की एकटे डॉक्सोरुबिसिन पुरे, या जुन्या वादावर युरोपातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ आक्रसलेल्या रुग्णांचे प्रमाण एकट्या औषधाने १४ टक्के, जोडीने २६ टक्के होते. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) मात्र १२.८ महिने विरुद्ध १४.३ महिने, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हता. जोडीचा त्रास स्पष्टपणे जास्त होता. आजही या आकड्यांवरून निर्णय घेतले जातात. परंतु त्या चाचणीत प्रवेशाची वयोमर्यादा ६० वर्षे होती. आपल्याकडे ज्या वयात माणूस ज्येष्ठ नागरिक ठरतो, त्या वयानंतरच्या कोणाचाही त्या आकड्यांत समावेश नाही.

ही एकट्या सार्कोमाची गोष्ट नव्हती. १९९९ मध्ये अमेरिकेतील चाचण्यांच्या एका पाहणीत दिसले की कर्करोगाच्या रुग्णांत ६५ व त्यावरील वयाचे ६३ टक्के असताना चाचण्यांत ते केवळ २५ टक्के होते. परिणाम दोन टोकांचे झाले: कुठे म्हाताऱ्या माणसाला तरुणाचीच मात्रा दिली गेली आणि तो केमोच्या दुसऱ्या फेरीला तापाने, पांढऱ्या पेशी घसरून भरती झाला, तर कुठे धडधाकट पंचाहत्तरीच्या माणसाला ‘आता कशाला त्रास’ म्हणून काहीच दिले गेले नाही. माझ्या मते दुसरा अन्याय पहिल्याइतकाच मोठा आहे, आणि तो प्रेमापोटी घडत असल्याने दिसतही नाही.

वयाचा आकडा सोडून माणसाची ताकद मोजण्याचे काम वृद्धरोगशास्त्रात आधीच सुरू होते. कर्करोगाच्या क्षेत्रात त्याला धार आणली भारतीय वंशाच्या अमेरिकी डॉक्टर आरती हुरिया यांनी. २०११ मध्ये त्यांच्या गटाने केमोथेरपीचा गंभीर त्रास होईल का याचा अंदाज देणारी गुणपद्धत मांडली. तिच्यातले प्रश्न साधे आहेत: ऐकू कसे येते, गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का, स्वतःची औषधे स्वतः घेता का, थोडे अंतर चालता येते का. त्याला हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांची क्षमता आणि केमोच्या औषधांची संख्या जोडायची. याच मालिकेतली आणखी एक तपासणी म्हणजे रुग्णाने खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, आणि लागलेले सेकंद मोजायचे. खर्च काही नाही. घड्याळ आणि मोकळी जागा लागते. ७० व त्यावरील रुग्णांवर केलेल्या एका अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. डॉक्टरांच्या हाती असे मूल्यमापन असताना गंभीर त्रास ५१ टक्के रुग्णांना झाला, ते नसताना ७१ टक्क्यांना. आयुर्मान घटले नाही.

सार्कोमात वृद्धांसाठीच आखलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. साठ किंवा अधिक वयाच्या १२० रुग्णांत पॅझोपनिब या रोज घ्यायच्या गोळ्यांची डॉक्सोरुबिसिनशी तुलना झाली. रोग थोपवून धरण्याचा काळ अनुक्रमे ४.४ आणि ५.३ महिने, म्हणजे चाचणीच्या निकषांनुसार गोळी फारशी कमी पडली नाही. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरणे डॉक्सोरुबिसिनच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत दिसले, गोळ्यांच्या गटात नाही. गोळीलाही तिचा त्रास आहे: रक्तदाब चढतो, यकृताच्या तपासण्या बिघडतात, जुलाब होतात. शिवाय चरबीच्या सार्कोमाला ती चालत नाही. तरीही घरून महिन्याकाठी एखादी फेरी मारणाऱ्या माणसाला हा पर्याय समोर ठेवता येतो, हे त्या चाचणीने दिले.

दरम्यान डॉक्सोरुबिसिनला ट्रॅबेक्टेडिन हे दुसरे औषध जोडण्याचा फ्रान्समधील प्रयोग अनैच्छिक स्नायूंच्या सार्कोमात यशस्वी ठरला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि रोग थोपवण्याचा काळ सुमारे सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेला. सोबत पांढऱ्या पेशी घसरण्याचे प्रमाणही पुष्कळ वाढले. त्यामुळे ही जोडी एखाद्या पंचाहत्तरीच्या रुग्णाला द्यायची का, हे ठरवताना पुण्यातल्या डॉक्टरांना पुन्हा त्या खुर्चीपाशी आणि तीन मीटरांपाशी यावे लागते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णाला आत बोलावून त्यालाच विचारावे लागते.