३अ + २क चं ‘उत्तर’ किती?

बैजिक राशी शिकवायला घेतल्या की मुलांच्या वह्यांत एक ओळ हमखास दिसते: ३अ + २क = ५अक. तीन नि दोन पाच, ही बेरीज तर बरोबरच आहे. त्यात पडताळा घ्यायला मुलं बहुधा सगळ्यांत सोपी किंमत निवडतात. अ = १, क = १ घेतलं की दोन्ही बाजूंना ५ येतात आणि चूक लपून राहते. अ = २, क = १ घेऊन पाहा. डावीकडे ८, उजवीकडे १०.

हा हलगर्जीपणा नव्हे. अंकगणिताची अनेक वर्षांची सवय त्यामागे असते. तिथे डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर आणि मधलं बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘चला, करा आता’ असा हुकूम. ८ + ४ = □ + ५ असं दिलं तर चौकटीत १२ लिहिणारी मुलं पुष्कळ भेटतात. दोन्ही बाजू सारख्या असल्या पाहिजेत, म्हणून तिथे ७ हवेत, हे त्यांच्या मनात येत नाही. अशा मुलाला क्ष + ३ हे अर्धवट सोडलेलं गणित वाटतं. खरं तर ती पूर्ण झालेली राशी आहे. ‘एका संख्येत ३ मिळवा’ ही कृतीही तीच आणि त्या कृतीतून मिळणारी संख्याही तीच. एकाच लिखाणाकडे दोन्ही अर्थांनी पाहता येणं, बीजगणिताची खरी सुरुवात मला इथे दिसते.

ही चूक टाळायला वर्गात एक युक्ती सर्रास वापरतात: अ म्हणजे अननस, क म्हणजे कलिंगड, आणि अननस-कलिंगडांची बेरीज होत नाही. मला ही युक्ती घातक वाटते. मग अक म्हणजे अननस गुणिले कलिंगड का? अक्षर वस्तूच्या जागी येत नाही, संख्येच्या जागी येतं. एका अननसाची किंमत अ रुपये आणि एका कलिंगडाची क रुपये धरली, तर ३अ + २क म्हणजे तीन अननस आणि दोन कलिंगडांचं बिल. ते रुपयांत आहे आणि त्याची बेरीजही झालेली आहे. भाव कळले की आकडा मिळेल, एवढंच.

हा गोंधळ शाळेपुरताच नसतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एक तृतीयांशाहून जास्त जण चुकले. बहुतेकांनी लिहिलं ६व = प. त्यांनी व म्हणजे ‘विद्यार्थी’ असं वाचलं होतं, ‘विद्यार्थ्यांची संख्या’ असं नव्हे. हवं होतं व = ६प.

सजातीय पदांचा नियम मात्र फार जुना आहे आणि आपल्या ओळखीच्या माणसाने तो स्वच्छ मांडला आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हटलं आहे, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. लिहिताना आद्याक्षरं पुरत: या, का, नी, पी. नुसत्या ज्ञात संख्येसाठी रू. बेरीज-वजाबाकी समान जातीच्या पदांचीच करावी, भिन्न जातीची पदं वेगळी ठेवावीत, असं ते सांगतात. म्हणजे या ३ का २ तसंच राहणार.

आणि ३अ + ५अ चे ८अ का होतात? कोणतीही संख्या तीनदा घेतली, मग तीच पाचदा घेतली, तर एकूण आठदा घेतली गेली. अ काहीही असो, हे कायम खरं. ३अ + २क ला असा आधार नाही.

राशीची गंमत अनुभवायची तर काड्यापेटीतल्या काड्या घ्या. एकाला एक जोडून न चौरसांची रांग करा, लगतच्या दोन चौरसांत एक काडी सामाईक. किती काड्या लागतील? कुणी म्हणेल, पहिल्याला ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ३, म्हणजे ४ + ३(न − १). कुणी सुरुवातीची एक उभी काडी बाजूला ठेवून १ + ३न मोजेल. तिसरी मुलगी वरच्या न, खालच्या न आणि उभ्या न + १ अशा काड्या मोजून २न + (न + १) लिहील. शंभर चौरसांना तिघांच्याही ३०१ काड्या होतात. सरळ रूप दिलं की तिन्ही राशी ३न + १ वर येतात, पण कोणी रांग कशी पाहिली हे मूळ राशीतच वाचता येतं.