पाळीबदल (शिफ्ट हँडओव्हर)

पाळीबदल : एका पाळीने चालू काम दुसऱ्या पाळीच्या हाती देताना यंत्रे, माल, माणसे आणि अपुरी राहिलेली कामे यांची माहिती सांगण्याची व समजून घेण्याची रीत. गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तिला सर्रास ‘हँडओव्हर’ म्हणतात. रुग्णालयातील परिचारिका ‘चार्ज देणे’ आणि ‘चार्ज घेणे’ असे शब्द वापरतात. सकाळी 7 ते 3, 3 ते रात्री 11 आणि 11 ते 7 अशा तीन पाळ्या असतील, तर ही देवघेव दिवसातून तीनदा होते.

टीममध्ये एकोपा वाढावा म्हणून कंपन्या सहली काढतात, प्रशिक्षणे ठेवतात. त्यांचा उपयोग होतोच. मात्र एकाच यंत्रावर काम करणारी, पण एकमेकांना फक्त फाटकावर भेटणारी माणसे जवळ आणण्याचे काम पाळीबदलाची दहा-पंधरा मिनिटे जितके करतात, तितके दुसरे काही करत नाही. ‘रात्रपाळीवाल्यांनी घाण करून ठेवली’ ही तक्रार मुळापर्यंत तपासली, तर बहुतेक वेळा निष्काळजीपणा सापडत नाही. सांगायची राहून गेलेली एखादी गोष्ट सापडते.

महत्त्व : 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल फलाटावर स्फोट होऊन 167 जण मृत्युमुखी पडले. तेथील एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही गोष्ट संध्याकाळच्या पाळीबदलात पुढच्या पाळीपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर कामगारांनी हाच पंप सुरू केला आणि वायुगळती झाली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने (1990) कामाच्या परवान्यांची (धोक्याचे काम लेखी परवानगीनेच करण्याची) पद्धत आणि पाळीबदल या दोन्हींतील दोष दाखवून दिले. रुग्णालयांच्या बाबतीत 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. अमेरिका व कॅनडातील 9 ठिकाणच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना चार्ज देण्याची ठराविक पद्धत शिकवल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी घटले.

पद्धत : आधी लिहायचे, मग समोरासमोर सांगायचे आणि शेवटी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे. तिसरी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि खरा उपयोग तिचाच असतो. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला कोणीही ‘हो’ म्हणतो. ‘आता तू पहिल्यांदा काय करणार?’ असे विचारले की न समजलेले लगेच बाहेर येते.

लिहायचे ते पाळी संपण्याच्या अर्धा तास आधी, घाई नसताना. सांगायचे ते केबिनमध्ये बसून नव्हे, तर यंत्राजवळ उभे राहून, कारण यंत्र समोर असले की विसरलेले आठवते. सुरुवात धोक्याच्या गोष्टींनी करावी : बंद ठेवलेली यंत्रे, यंत्रावरून काढलेली संरक्षक आवरणे (गार्ड), चालू असलेले दुरुस्तीचे परवाने. त्यानंतर अपुरी कामे आणि मालाची स्थिती. गैरहजर कोण, नवीन कोण, हे शेवटी. दिवसभरात किती माल निघाला हा आकडा बहुतेक सुपरवायझर सर्वांत आधी सांगतात. तो रजिस्टरमध्ये असतोच, त्यामुळे त्यावर मिनिटे खर्च करू नयेत.

काय सांगायचे हे एका उदाहरणातून स्पष्ट होईल. औषधाच्या गोळ्या दाबण्याच्या यंत्रावर पाळी संपताना हॉपर (औषधाचे दाणे ओतायचे वरचे भांडे) रिकामा होत आला. वरच्या दाण्यांचा भार कमी झाला, गोळीचे वजन उतरू लागले आणि ऑपरेटरने भरणीची खोली (साच्यात किती खोलवर दाणे भरायचे ते माप) थोडी वाढवली. नोंद केली : ‘मशीन चालू, वजन ओके.’ नोंद खोटी नाही. पण पुढचा ऑपरेटर हॉपर भरतो, भार वाढतो आणि त्याच खोलीवर वजन वरच्या मर्यादेबाहेर जाते. मग गोळ्या बाजूला काढाव्या लागतात आणि दोन पाळ्यांत वाद सुरू होतो. ‘हॉपर कमी असल्याने 2:40 ला खोली वाढवली, भरल्यावर लगेच वजन तपास’ एवढे एक वाक्य पुरले असते. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात : काय बदलले, का बदलले आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचे. ‘का’ राहिले की पुढचा माणूस तो बदल उलटा फिरवतो.

औषध कारखान्यात नोंद त्या-त्या वेळीच करावी लागते. चूक झाल्यास एक आडवी रेघ मारून सही व तारीख घालायची. व्हाइटनर चालत नाही.

हॉटेलांत याच गोष्टीला वेगळे रूप येते. ‘212 : पहाटे 4 ला एअरपोर्ट ड्रॉप’ ही नोंद पूर्वी पुरत असे. डिसेंबर 2022 मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी 2023 पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून दाबोळी की मोपा हे लिहिल्याशिवाय ती नोंद अर्धवट आहे. एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात. रात्रपाळीने अंदाजाने टॅक्सी सांगितली, तर पाहुण्याचे विमान चुकते आणि सकाळी शिव्या खातो तो ज्याने नोंद पाहिलीही नाही असा माणूस. पाहुण्याला सुंगटे (कोळंबी) किंवा शेंगदाणे चालत नसतील, तर ते फ्रंट ऑफिसच्या वहीत असून भागत नाही. किचनच्या फळ्यावर खोली क्रमांकासह लागले पाहिजे. रोकड दोघांनी एकत्र मोजावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास नाही, यामुळे कोणावर नाहक आळ येत नाही.

भाषा : गोव्यातील एका पाळीत कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलणारी माणसे असतात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून रोज ये-जा करणारेही पुष्कळ. रजिस्टर मात्र इंग्रजीत. हिंदी ‘कल’ म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मराठी कानाला तो ‘काल’ वाटतो. ‘कल का सॅम्पल’ या तुकड्यावरून नेमके काय कळणार? कोकणीत उद्याला ‘फाल्यां’ म्हणतात, ते नवीन हिंदी भाषकाला कळत नाही. उपाय सोपा आहे : काल, आज, उद्या हे शब्द टाळून तारीख आणि पाळी सांगायची. यंत्रांच्या आवाजात ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे उच्चारावेत : एक-सात, सात-शून्य. मोडक्या भाषेत प्रश्न विचारणाऱ्याला हसणे मात्र कटाक्षाने थांबवावे. एकदा हसे झालेला कामगार पुन्हा विचारत नाही आणि त्याची किंमत सगळी पाळी मोजते.

कुठे बिघडते : सर्वांत मोठा शत्रू कंपनीची बस. ती 3 वाजून 5 मिनिटांनी सुटणार असेल, तर 3 ला कोण थांबेल? दोष कामगाराचा नाही, वेळापत्रकाचा आहे. बस पंधरा मिनिटे उशिरा सोडावी आणि ती पंधरा मिनिटे कामाच्या वेळेत धरावीत. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 58 ने एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी दोन पाळ्या लावण्यास बंदी घातली आणि सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे ठेवला. त्यामुळे सगळी पाळी न थांबवता बहुधा सुपरवायझर आणि मुख्य ऑपरेटर यांचीच गाठ घालतात.

व्हॉट्सअॅप गटावर ‘ऑल ओके’ टाकणे म्हणजे पाळीबदल नव्हे. तिथे कोणी वाचले, कोणी नाही, हे कळत नाही. आदल्या दिवसाची नोंद जशीच्या तशी उतरवणे हीदेखील जुनी खोड. त्याहून घातक म्हणजे चूक सांगणाऱ्याला सर्वांसमोर झापणे. पात्रांवाने (साहेबाने) एकदा असे केले की पुढचे कित्येक महिने वहीत फक्त चांगले लिहिले जाते. चुकीची चौकशी वेगळी करावी. पाळीबदलात ‘आता काय करायचे’ एवढेच बोलावे. ठेकेदाराच्या कामगारांना बाजूला उभे करू नये, यंत्र पुसताना गळती पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

नव्याने सुरू करताना एकच लाइन निवडावी आणि एक पानाचा तक्ता दोन आठवडे वापरून पाहावा. तो कोणी साहेबाने लिहू नये, त्या लाइनवरच्या लोकांनीच लिहावा. सुधारणा मोजण्याचे साधे माप म्हणजे पाळी सुरू झाल्यावर पहिल्या तासात घरी गेलेल्या माणसाला किती फोन करावे लागले. ते रोज फळ्यावर लिहावे आणि कोणाचे नाव न घालता कशासाठी, एवढेच नोंदवावे. दोन आठवड्यांत एकाच कारणाचे फोन पुन्हा पुन्हा दिसू लागतात आणि तक्त्यात कोणती ओळ कमी आहे ते कळते.

चतुर्थीला निम्मी टीम गावी जाते, तेव्हा हा हिशेब बदलतो. रजेवर जाणाऱ्याने एक दिवस आधी बदलीच्या माणसाबरोबर प्रत्यक्ष काम करावे, आणि परतल्यावर पहिला अर्धा तास यंत्राला हात न लावता मधल्या सगळ्या नोंदी वाचाव्यात.