बंदरावरचा कायदा आणि बैलबाजारातली लम्पी

अमेरिकेचं दूध, चीज, लोणी भारतात येऊ द्यायचं का, हा प्रश्न २०२५ च्या व्यापार बोलण्यांत पुन्हा निघाला. आपल्याकडे त्यावर बोलणं झालं ते मुख्यतः भावाचं. भाव सांभाळायला आयातकर असतो. जनावर किंवा जनावरापासून झालेला माल दारातच अडवायचा अधिकार मात्र सरकारला एका वेगळ्या कायद्याने मिळतो आणि त्याचं कारण रोगराई हे आहे. तो कायदा आहे १८९८ चा, पशुधन आयात अधिनियम.

इंग्रजांना ही अद्दल त्यांच्याच घरी घडली होती. १८६५ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजाने आलेल्या गुरांबरोबर बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ (रिंडरपेस्ट), ब्रिटनमध्ये शिरली आणि लाखो जनावरं गेली. त्यानंतर तिकडे आयातीचे नियम कडक झाले. इथला कायदा निघाला तेव्हा लष्कराचे घोडे परदेशातून मुंबई-कलकत्त्याला उतरत होते. कायद्यातली रोगांची यादी वाचली की काळजी कोणाची होती ते कळतं: गोचीड, काळपुळी, ग्लँडर्स, फार्सी, खरूज. यातले ग्लँडर्स आणि फार्सी हे तर घोड्यांचेच आजार. बुळकांडीचं नाव त्यात नाही. ती बाहेरून यायची नव्हतीच, घरातच मुक्कामाला होती.

आणि घरात तिने काय मांडलं होतं, हे सरकारला ठाऊक होतं. गुरांच्या साथींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्येच आला होता. पुण्याला १८८९ मध्ये प्रयोगशाळा निघाली, ती पुढे कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. १८९७ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तिथे बुळकांडीच्या कामासाठी येऊन गेले. वऱ्हाडच्या कास्तकारापर्यंत यातलं काही पोचायला मात्र फार वेळ लागला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री ब्रिटिश मुलूखही नव्हता, निजामाकडून १८५३ मध्ये कारभारापुरता घेतलेला होता. साथ आली की गावाजवळ उपाय एकच, साथीची देवी मरीमाय, तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. पुढचं गाव तो आणखी पुढे लोटणार. आजार हद्दीबाहेर काढायचा, मग तो कोणाच्या हद्दीत गेला ते बघायचं नाही, ही रीत फक्त खेड्यांचीच होती असं मात्र नाही.

१९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली झेबू, म्हणजे वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि बुळकांडी युरोपात परत आली. त्या धसक्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये पशुआरोग्याची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. जनावरांच्या आयात-निर्यातीचे नियम जगभर आज तिच्याच संहितेवरून ठरतात. म्हणजे ज्या संहितेवर बोट ठेवून आपण परदेशी माल अडवतो, तिचं मूळ आपल्याच गुरांपासून इतरांना वाटलेल्या भीतीत आहे. बुळकांडी शेवटी लसीकरणाने संपली. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ मधला, २००६ मध्ये देशाला रोगमुक्त दर्जा मिळाला आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं.

कायदा मात्र शंभर वर्षं जिवंत जनावर आणि त्याचा चारा, शेण, साज यांच्यापुरताच राहिला. २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरची संख्यात्मक बंधनं, म्हणजे किती माल आणायचा याच्या मर्यादा, उठली तेव्हा सरकारची धावपळ झाली आणि त्याच वर्षी दुरुस्ती आली. तिने मांस, अंडी, दूध, दुधाचे पदार्थ, रेतमात्रा, भ्रूण हे सगळं कायद्याखाली आणलं. तेव्हापासून असा माल आणायचा तर आधी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाची आयात परवानगी लागते आणि सोबत निर्यातदार देशाच्या पशुवैद्यकाचा दाखला.

ही भिंत किती पक्की, हे बर्ड फ्लूच्या खटल्यात कळलं. बर्ड फ्लू असलेल्या देशांकडून कोंबडीचं मांस-अंडी घ्यायची नाहीत, या भारताच्या बंदीविरुद्ध अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये भारत अपिलातही हरला. निकालातला एक मुद्दा आपल्या गावच्या जनावरांच्या दवाखान्याला लागू पडतो. सौम्य प्रकारच्या बर्ड फ्लूसाठी भारत परक्याचा माल रोखतो, पण तोच रोग स्वतःच्या कोंबड्यांत तितक्या कसोशीने शोधत नाही, हा भेदभाव ठरला. म्हणजे बंदरावर कडक व्हायचं तर आधी गावात नीट तपासलं पाहिजे. आणि तालुक्यात पशुधन पर्यवेक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी असेल तर तपासणार कोण?

लम्पीने हेच दाखवलं. आफ्रिकेतला हा आजार २०१९ मध्ये भारतात ओडिशात आढळला, २०२० मध्ये गडचिरोलीत तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचा भागात पोचला. माशी, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. त्यांना कोण परवानगी विचारणार? २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यातून नवी लाट उठली आणि बुलढाणा, अकोला, अमरावतीत गोठेच्या गोठे आजारी पडले. अंगभर गाठी, पायाला सूज, बैल उभा राहीना. इथे १८९८ चा कायदा कामाचा नव्हता. सरकारने २००९ चा प्राणी संसर्गजन्य रोग कायदा वापरून सप्टेंबरात अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं आणि बैलबाजार बंद केले. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली गेली. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरली.

रब्बीच्या तोंडावर बाजार बंद म्हणजे जोडीतला एक बैल गेलेल्याला दुसरा मिळणं मुश्कील. बाजारात गिऱ्हाईक आधी दात बघतं, दोनदाती की चारदाती की जुळलेला, मग चालवून खांदा बघतं, मग दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. जनावर कुठल्या गावाहून आलं, लस टोचली का, हे त्या सौद्यात पूर्वी कोणी विचारत नव्हतं. जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. त्या बिल्ल्यावर १२ अंकी नंबर असतो, त्यावरून जनावराची नोंद काढता येते.

आयातीच्या कायद्याचं मात्र जुनंच चालू आहे. तो बदलणारा मसुदा २०२३ च्या जूनमध्ये लोकांसमोर आला होता. त्यात जिवंत जनावरांच्या निर्यातीचाही विषय होता, कुत्री-मांजरीसुद्धा आली होती. ओरड झाली आणि पंधरवड्यातच तो मागे घेतला गेला.