पहिल्या दोन सेकंदांचा आलेख

लहान कॅबिनेटचा डेस्कटॉप घेतलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, "प्रोसेसर ९५ अंशांवर जातोय, जळेल का?" जळणार नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीचे २०२२ साली आलेले रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर तर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांना जाऊन तिथे टिकतील अशाच बेताने बनवलेले आहेत. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, त्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद करतो. तुमचं नुकसान होतं ते वेगाचं. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो मिळत नाही.

पण हा एकच आकडा बघून लोक घाईने नवा पंखा घेतात, आणि मीही तेच केलं होतं. माझ्या टेबलावरचा डबा जेमतेम पाच लिटरचा, प्रोसेसर ६५ वॅटचा. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मिनिटाभरात १०० अंश. नवा, जास्त जोरकस पंखा बसवला. आवाज वाढला, तापमान हललं नाही. मग तापमान दर सेकंदाला नोंदवणारं एक मोफत सॉफ्टवेअर चालू करून आलेख काढला, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांतच उत्तर दिसलं. ४२ वरून थेट ८४. त्यानंतर मात्र चढ सावकाश होता.

ही उडी इतकी बोलकी का, ते जरा नीट बघू.

चिपमधली उष्णता खोलीपर्यंत जाते ती एकामागून एक टप्पे ओलांडत: सिलिकॉनची चिप, वरचं धातूचं झाकण, थर्मल पेस्ट, हीटसिंक (पंख्याखालचा पात्यांचा धातूचा ठोकळा), डब्यातली हवा आणि शेवटी बाहेरची हवा. शाळेतला ओहमचा नियम इथे जसाच्या तसा चालतो. विद्युतप्रवाहाच्या जागी वॅट घ्या, विभवांतराच्या जागी तापमानातला फरक, आणि प्रत्येक टप्प्याचा आपापला रोध. एखाद्या टप्प्याचा रोध वॅटमागे ०.३ अंश असेल, तर ६५ वॅट वाहून नेताना त्याच्या दोन टोकांत सुमारे २० अंशांचा फरक पडणारच. सगळे फरक खोलीच्या तापमानावर रचत गेलं की चिपचं तापमान मिळतं. म्हणून खोली पाच अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते, त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

पण बेरीज एवढंच सांगते की एकूण किती. अडलंय कुठे, हे कळतं वेळेवरून, कारण प्रत्येक टप्प्याची उष्णता साठवायची ताकद वेगळी असते. चिप १५० चौरस मिलिमीटरची आणि पाऊण मिलिमीटर जाड धरली, तर तिचं वजन भरतं पाव ग्रॅमच्या आसपास. ती एक अंशाने तापायला ०.२ ज्यूलसुद्धा लागत नाहीत. बाहेर जायचा रस्ता पूर्ण बंद असता, तर ६५ वॅटने ती एका सेकंदात तीनशेहून जास्त अंशांनी तापली असती! उलट ३०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियम हीटसिंकला एक अंश चढायला सुमारे २७० ज्यूल लागतात. त्याच ६५ वॅटने त्याला चार सेकंद लागतील. चिप आणि हीटसिंक यांच्या तापण्यात हजारपटीहून जास्त अंतर आहे.

म्हणजे काम सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत हीटसिंक जवळपास आहे तिथेच असतो. तेवढ्या वेळात जी उडी दिसते, ती चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या रोधाची. पुढचा सावकाश चढ हीटसिंकचा. हीटसिंक ते हवा हा रोध वॅटमागे ०.५ अंश धरला, तर ०.५ गुणिले २७०, म्हणजे १३५ सेकंद हा त्याचा कालांक झाला. एका कालांकात एकूण चढापैकी ६३ टक्के चढ होतो, तीन कालांकांत ९५ टक्के. म्हणून साधारण सात मिनिटांनी आलेख सपाट व्हायला हवा. सात मिनिटांनंतरही तो रेंगाळत चढत राहिला, तर आता डबा आणि त्यातली हवा तापतेय. काम एकदम थांबवून हेच उलट्या दिशेनेही तपासता येतं. थांबताक्षणी तापमान जितकं धाडकन कोसळतं, तितका फरक चिप आणि हीटसिंकमध्ये अडकलेला होता.

माझी उडी ४२ अंशांची. हीटसिंक-पंखा या जोडीचा तिच्याशी संबंधच नव्हता, म्हणून नव्या पंख्याने काही झालं नाही.

हीटसिंक काढला. त्याच्या तांब्याच्या तळाचा एक कोपरा लख्ख, पेस्टचा डागही नाही. समोरच्या कोपऱ्यात मात्र राखाडी, वाळून भेगाळलेला जाड थर. चारपैकी एक स्क्रू पुरता आवळलेलाच नव्हता, त्यामुळे हीटसिंक तिरका बसला होता. आता, पेस्ट लागतेच कशाला? धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग खरं तर फक्त उंचवट्यांवर टेकतात, उरलेल्या फटींत हवा असते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा ४००, चांगल्या पेस्टचा ५ ते १०, आणि हवेचा ०.०२६. पेस्ट हवेपेक्षा दोनशेपट सरस, पण तांब्यापुढे अगदीच दुबळी. तिचं काम फटी भरण्यापुरतंच, जाड थर दिला तर तोच अडसर होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून घेतलं, मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत नेले.

उडी आता ८४ ऐवजी ५५ अंशांवरच थांबली. पण आलेख सातव्या मिनिटाला सपाट झाला नाही. पंचविसाव्या मिनिटाला ९२ दाखवत होता. बाजूचं झाकण उघडलं, तर तो हळूहळू ८२ पर्यंत उतरला. दुसरा अडथळा हवेचा होता.

इथला हिशेब मला फार आवडतो. एक लिटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १.२ ज्यूल लागतात. हवेने दहा अंशांनी तापून ६५ वॅट बाहेर न्यायचे, तर सेकंदाला साडेपाच लिटर हवा वाहायला हवी. माझा डबाच पाच लिटरचा! म्हणजे त्यातली सगळीच्या सगळी हवा दर सेकंदाला बदलायला हवी. हाच डबा भिंतीला चिकटवून ठेवला की बाहेर पडलेली गरम हवा वळून पुन्हा आत ओढली जाते. मी तो भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. पंखाही काढून पाहिला, कारण धूळ बसते ती पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर, वरून न दिसणारी. तिथे नमद्यासारखा करडा थर निघाला. तो झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा, फुंकरीच्या जोराने गरगर फिरू देऊ नये. आता झाकण लावूनही तापमान ८२ वर थांबतं.

"एका क्लिकमध्ये प्रोसेसर थंड" म्हणणारी ॲप्स आणि उष्णता "शोषून घेणारे" स्टिकर यांबद्दल स्पष्ट सांगतो: हे घेऊ नका. चिकटवलेल्या कागदाला उष्णता नाहीशी करता येत नाही. ॲप फार तर चालू असलेले काही प्रोग्रॅम बंद करेल, आणि ते तुम्हीही करू शकता. बर्फ किंवा ओलं फडकं तर डब्याजवळही नेऊ नका. थंड झालेल्या धातूवर हवेतली वाफ दवासारखी जमते आणि सर्किटवर पाणी येतं.

सॉफ्टवेअरने खरोखर करता येण्याजोगी गोष्ट एकच, वॅट कमी करणं. प्रोसेसरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. वारंवारता १० टक्क्यांनी उतरवली आणि तिच्याबरोबर व्होल्टेजही तेवढंच उतरलं, तर ०.९ चा घन, म्हणजे ०.७३. ६५ वॅटचे सुमारे ४७ होतात. माझ्या डब्यात चिपपासून हवेपर्यंतचा एकूण रोध आता वॅटमागे ०.८ अंश आहे, तेव्हा १८ वॅट वाचले की १४ अंश कमी व्हायला हवेत. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन शक्तीची मर्यादा ४७ वॅटवर आणली आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावला. पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता बावीस लागली. तापमान ६८ च्या वर गेलं नाही.