सायबर विमा, लघुउद्योगांचा

संगणक, मोबाइल, इंटरनेट किंवा ऑनलाइन देयकव्यवस्था यांवर हल्ला झाल्यामुळे, अथवा त्यांच्या आधारे फसवणूक झाल्यामुळे, व्यवसायाला होणाऱ्या आर्थिक नुकसानीची पूर्ण वा अंशतः भरपाई देणारा विमा. आगीच्या किंवा चोरीच्या नेहमीच्या पॉलिसीत संगणकाचे यंत्र धरलेले असते, परंतु त्यातील हिशेब आणि ग्राहकांची माहिती सहसा धरलेली नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी या विम्याचा स्वतंत्र प्रकार विकसित झाला.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल व २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो, तर १०० कोटींपर्यंत उलाढाल व २५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला लघु ठरतो. उदाहरणार्थ, इंदुरात सियागंजातील किराण्याच्या पेढ्या, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील कापडाची दुकाने, सांवेर रोडवरील छोटे कारखाने, तसेच मराठी कुटुंबांनी चालविलेल्या पॅथॉलॉजी लॅब, शिकवणीवर्ग आणि करसल्लागारांची कार्यालये यांतील बहुतेक या मर्यादांच्या आतच बसतात. अशा ठिकाणी सर्व हिशेब एकाच संगणकावरील टॅलीत असतो, बँकेचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो आणि पासवर्ड मुनीमजींपासून सीएच्या मदतनिसापर्यंत अनेकांना ठाऊक असतो. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत माहितीची चोरी हा चिंतेचा मुख्य विषय असतो. छोट्या पेढीचे खरे नुकसान मात्र चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांत आणि बंद पडलेल्या कामात असते. या विम्याचे मूल्यमापन करताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

फसवणुकीचा एक ठरलेला मार्ग असा, की पुरवठादाराचा ईमेल कोणीतरी ताब्यात घेतो, चालू व्यवहाराची पत्रे वाचत राहतो आणि बिल चुकविण्याच्या सुमारास ‘आमचे बँकखाते बदलले आहे’ असे पत्र पाठवितो. पत्रातील मालाचे वर्णन, रक्कम आणि तारीख बरोबर असल्यामुळे शंका येत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (उघडताच मोबाइलवर अ‍ॅप बसविणारी फाइल) किंवा जीएसटीची खोटी नोटीस यांमागेही मोबाइल वा ईमेल ताब्यात घेण्याचाच हेतू असतो. दुसरा मोठा धोका खंडणीखोर सॉफ्टवेअरचा. ते फाइली कुलूपबंद करून पैसे मागते. मे २०१७ मधील वॉनाक्राय या अशाच सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध करून दिली होती. बॅकअपची हार्ड डिस्क कायम संगणकालाच जोडलेली असेल, तर मूळ फाइलींबरोबर तीही निकामी होते.

हल्ला स्वतःवर झाला पाहिजे असेही नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रसेवा पुरविणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक सहकारी व ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ थांबले. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या निर्दोष दुकानदाराकडे मालाची किंमत म्हणून आला, तर पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे खाते किंवा त्यातील रक्कम गोठविली जाऊ शकते. ही अडचण मात्र सर्वसाधारण पॉलिसीत क्वचितच धरलेली असते.

पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिल्यात स्वतःचा खर्च येतो : तज्ज्ञांकरवी तपास, डेटा परत मिळविणे, काम बंद राहिल्याने बुडालेला नफा. दुसऱ्यात ग्राहकांनी वा इतरांनी केलेल्या दाव्यांची जबाबदारी येते. विम्याची एकूण रक्कम ५० लाख असली, तरी फसवून वळविलेल्या पैशांसाठी तिच्या आत बरीच लहान उपमर्यादा (त्या एका प्रकारासाठी मिळणारी कमाल रक्कम) असू शकते, किंवा ते संरक्षण जादा हप्ता भरून स्वतंत्रपणे घ्यावे लागते. म्हणून छोट्या व्यावसायिकाने एकूण आकड्याआधी ही उपमर्यादा पाहणे अधिक शहाणपणाचे. बुडालेल्या नफ्याची भरपाई ठरावीक तास उलटल्यावरच सुरू होते. युद्ध, पूर्वी माहीत असलेल्या घटना आणि मालकाने स्वतः केलेला गैरव्यवहार वगळलेले असतात. २०१७ च्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात, ज्याचा ठपका रशियावर ठेवला गेला आणि ज्याची झळ न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनललाही बसली, युद्धाच्या याच कलमावरून काही बहुराष्ट्रीय कंपन्यांचे मालमत्ता विम्याचे दावे न्यायालयात गेले.

प्रस्ताव-अर्जातील उत्तरे विमा कराराचा आधार असतात. अर्ज इंग्रजीत, एजंटचे स्पष्टीकरण हिंदीत आणि मालकाचे लक्ष गिऱ्हाइकाकडे, अशा स्थितीत ‘नियमित बॅकअप घेता का’ या प्रश्नापुढे सवयीने ‘होय’ लिहिले जाते आणि दाव्याच्या वेळी तेच अंगलट येते.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेला तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचेच. खोट्या पत्राला भुलून मालकाने स्वतः पाठविलेली रक्कम तर अनधिकृत व्यवहारातही मोडत नाही, आणि विम्याची गरज नेमकी तेथे भासते. फसवणूक कळताच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तक्रार करावी लागते, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच तो अडविता येतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णांचे अहवाल साठविणाऱ्या लॅबला त्याची दखल घ्यावी लागेल. असा दंड विम्यातून भरून मिळेलच असे नाही.

दावा नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांना त्यानंतर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. इंदूरसाठी हे कार्यालय भोपाळला असून तेथे ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा विनाशुल्क होतो.